चार दहाची नाणी आणि एक वाघ : शिकारीच्या काडतुसाची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आमच्या गावच्या घरात, मेळघाटच्या पायथ्याशी, देवघरात एक पितळी नळी होती. बोटभर लांब, खालून जाड, वर किंचित निमुळती. आजी त्यात तांदूळ भरून उदबत्ती खोचायची. लहानपणी मला ती पूजेचंच भांडं वाटायची. आठवीत असताना एकदा ती घासायला घेतली, तेव्हा बुडाशी इंग्रजी अक्षरं दिसली. कायनॉक. आणि आकडा, .४७०.

मी आजीला विचारलं, "हे काय आहे गं?"

ती म्हणाली, "काडतूस हाय ते. सायबाचं. त्या गोयीनं वाघ नाही मेला रे बाप्पा, तुह्या पणजोबाचा पाय गेला."

पणजोबा हाकाऱ्यात जायचे. हाकारा म्हणजे काय ते सांगतो. साहेब मचाणावर बसायचा. गावातली चाळीस-पन्नास माणसं रानाच्या दुसऱ्या टोकाला अर्धवर्तुळात उभी राहायची आणि डबे, ढोल वाजवत जनावराला मचाणाकडे हाकलायची. त्या दिवशी वाघ आला, साहेबानं गोळी झाडली, ती पोटात मागच्या बाजूला लागली. वाघ पडला नाही. तो उलटा फिरला आणि हाकाऱ्यांच्या रांगेत घुसला. पणजोबा झाडावर चढले, पण पुरेसे वर नाही. पोटरी फाटली. पुढची सगळी वर्षं ते काठीनं चालले. नळी त्यांनीच मचाणाखालून उचलून आणली होती.

ही गोष्ट डोक्यात होतीच. मग कॉलेजात पब्जी खेळताना मित्र भांडायचे, 'सेव्हन सिक्स टू भारी की फाइव्ह फाइव्ह सिक्स?' आणि मला नेहमी ती नळी आठवायची. कारण हाच वाद खऱ्या जनावरांसमोर, खऱ्या माणसांच्या जिवावर, शंभरेक वर्षं चालला होता. मोठ्या जनावरासाठी कुठलं काडतूस घ्यायचं? गोळी किती वजनाची? आजचा एपिसोड त्यावर.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. हा एपिसोड शिकार शिकवत नाही. हा इतिहास आहे.

ग्रेन म्हणजे काय रे भाऊ

इंग्रजी पद्धतीत गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. मूळ कल्पना धान्याच्या दाण्याची, आपल्या गुंजेसारखीच. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम.

आकडे ऐकून कंटाळा येतो, म्हणून खिशातली नाणी काढा. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. आता .४५० नायट्रो एक्सप्रेस नावाच्या प्रसिद्ध काडतुसाची गोळी ४८० ग्रेनची. म्हणजे ३१ ग्रॅम. म्हणजे दहाची चार नाणी. आणि .२७५ रिग्बी नावाच्या छोट्या रायफलीची जड गोळी १७३ ग्रेनची. म्हणजे ११ ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे एक दहाचं नाणं आणि एक नव्या छापाचा रुपया.

चार नाणी विरुद्ध दीड नाणं. समोर हत्ती. तुम्ही काय घ्याल? आपण सगळेच चार म्हणू. पण थांबा.

क्रिकेटच्या बॉलपेक्षा जड गोळी

आधी काळ्या दारूचा जमाना बघू. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिची एक मर्यादा होती. कितीही ठासली तरी गोळीचा वेग एका हद्दीपुढे जात नसे. जड गोळी तर सेकंदाला चारशे-साडेचारशे मीटर, बस. मग जोर वाढवायचा कसा? एकच मार्ग, वजन वाढवा.

म्हणून हत्तीसाठी 'फोर बोअर' बंदुका आल्या. नावाचा हिशेब सोपा आहे. नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या चार गोळ्यांचं वजन एक पौंड. म्हणजे एक गोळी पाव पौंड, ११३ ग्रॅम. सॅम्युअल बेकर हा इंग्रज शिकारी तर त्याच्याही पुढे गेला. श्रीलंकेत बरीच वर्षं राहिलेला आणि नंतर नाईलच्या उगमाच्या शोधात आफ्रिका पालथी घालणारा हा माणूस. त्याच्याकडे अर्ध्या पौंडाचा गोळा टाकणारी बंदूक होती. अर्धा पौंड म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम. क्रिकेटचा बॉल जास्तीत जास्त १६३ ग्रॅमचा असतो! आणि त्या बंदुकीचं नाव काय, तर 'बेबी'.

आता एक साधा नियम आठवा. गोळी जितक्या जोरानं पुढे, तितक्याच जोराचा धक्का मागे. फ्रेडरिक सेलूस हा आफ्रिकेतला मोठा शिकारी. १८७० च्या दशकात त्यानं तरुणपणी याच फोर बोअरनं हत्ती मारले. पुढे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं की त्या धक्क्यांनी त्याच्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला आणि नेम बिघडला. चाप ओढण्याआधीच शरीर आपोआप दचकतं. खांद्याला माहीत असतं ना, आता काय येणार ते.

हा पहिला धडा. जे काडतूस चालवणाऱ्यालाच घाबरवतं, ते समोरच्या जनावराला नीट मारत नाही. जखमी करतं.

एक्सप्रेस, म्हणजे रेल्वेवाली

१८५६ साली जेम्स पर्डी या लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यानं उलटा विचार केला. गोळी हलकी करा, दारू जास्त भरा, वेग वाढवा. आणि त्यानं नाव दिलं 'एक्सप्रेस ट्रेन'. तेव्हा रेल्वे म्हणजे वेगाचा शेवटचा शब्द! तेच नाव पुढे 'एक्सप्रेस रायफल' म्हणून चिकटलं.

हरणाच्या शिकारीला हे झकास होतं. गोळी सरळ जायची, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालायचं. पण गोळी हलकी करण्यासाठी तिच्या टोकात पोकळी ठेवत. अशी गोळी वाघाच्या खांद्यावर आदळली की आत जायच्या आधीच फुटायची. वर मोठी जखम, आत काहीच नाही. वाघ जिवंत, चिडलेला, झुडपात. आणि झुडपाजवळ कोण? हाकारे.

बेकरनं १८९० च्या पुस्तकात यावर बरंच लिहिलं. त्याचं म्हणणं होतं, वाघासाठी पोकळ गोळी नको. .५७७ ची भरीव, शुद्ध मऊ शिशाची, साधारण ६५० ग्रेनची गोळी घ्या. ती आत जाताना छत्रीसारखी पसरते, पण तुटत नाही, आणि पलीकडच्या कातडीखाली थांबते. सगळा जोर जनावराच्या आतच खर्च होतो.

म्हणजे प्रश्न फक्त वजनाचा नव्हताच. गोळी आत गेल्यावर वागते कशी, हा प्रश्न होता.

धूर गेला, वेग आला

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार झाली. पाठोपाठ ब्रिटनचं कॉर्डाइट आलं. एकदम वेग जवळपास दीडपट. आणि १८९८ साली जॉन रिग्बीनं .४५० नायट्रो एक्सप्रेस आणलं. ३१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. पाव पौंडाच्या गोळ्याची गरजच संपली. पाच किलोच्या आसपासच्या दुनळी रायफलीत दोन काडतुसं, एकामागोमाग एक. आशिया-आफ्रिकेतल्या साहेब लोकांचं हे आवडतं हत्यार झालं.

पण इतक्या वेगाला मऊ शिसं टिकत नाही, म्हणून गोळीवर तांब्या-निकेलचं कवच आलं. आता दोन जाती झाल्या. पूर्ण कवचाची, तिला 'सॉलिड' म्हणायचे. ही पसरत नाही, हाड फोडून खोल जाते. हत्ती, गवा, गेंड्यासाठी. आणि टोकाला शिसं उघडं ठेवलेली 'सॉफ्ट नोज'. ही पसरते. वाघ, बिबट्या, सांबरासाठी.

या पसरणाऱ्या गोळीचं एक नाव तुम्ही ऐकलंय. डमडम. कोलकात्याचं विमानतळ ज्या भागात आहे, तोच डमडम. तिथल्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली .३०३ ची अशी गोळी बनली, वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांविरुद्ध वापरायला. गदारोळ झाला. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरलं.

गंमत बघा. जी गोळी माणसावर झाडणं क्रूर ठरलं, तीच गोळी बिबट्यावर झाडणं शिकाऱ्यांच्या हिशेबात दयेचं ठरलं. कारण युद्धात माणूस जखमी होऊन बाजूला पडला तरी काम भागतं. रानात जखमी जनावर म्हणजे काम अर्धवट आणि धोका दुप्पट.

दीड नाण्याचा माणूस

आता त्या दीड नाण्याकडे येऊ. वॉल्टर बेल, स्कॉटिश, जन्म १८८०. 'करामोजो बेल' म्हणून प्रसिद्ध. त्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक .२७५ रिग्बीनं. ज्याला जर्मन लोक ७ बाय ५७ माउझर म्हणतात, तेच हे काडतूस. हा हस्तिदंताचा धंदा होता, शौर्यबिर्य काही नाही, हे लक्षात ठेवा. पण तांत्रिक प्रश्न उरतोच. जमलं कसं?

बेलनं हत्तीची कवटी करवतीनं उभी कापून बघितली. मेंदू कुठे आहे, कुठल्या कोनातून किती हाड लागतं, हे पाठ केलं. आणि गोळी निवडली ती १७३ ग्रेनची, पूर्ण कवचाची, लांब आणि बारीक.

आता गणित करू. गोळी किती खोल जाईल हे ठरवताना एकूण वजनापेक्षा, दर चौरस मिलिमीटर तोंडामागे किती वजन आहे, ते महत्त्वाचं. दाभण आणि अंगठा आठवा. पोत्यात अंगठा घुसवायला जोर लावा, घुसत नाही. दाभण सहज जातं.

फोर बोअरचा गोल गोळा : चौरस मिलिमीटरमागे साधारण ०.२० ग्रॅम.
.४५० ची ४८० ग्रेनची गोळी : ०.२९ ग्रॅम.
.२७५ ची १७३ ग्रेनची गोळी : ०.२७ ग्रॅम.

बघितलंत? चार नाणी आणि दीड नाणं, घुसण्याच्या हिशेबात जवळजवळ बरोबरीत. क्रिकेटच्या बॉलचा भाऊ मात्र मागे. म्हणून बेलची छोटी गोळी मेंदूपर्यंत पोचायची. शिवाय धक्का कमी, म्हणून हात स्थिर.

मग सगळ्यांनी .२७५ च घ्यायची का? इथे दुसरी बाजू आहे. उर्जेत .४५० ची गोळी साधारण ६७०० जूल, .२७५ ची २७००. बेलचा नेम एक-दोन इंचांनीही चुकत नसे. ज्याचा चुकतो त्याच्या हातात छोटी गोळी म्हणजे भोक पडलेला, पण उभाच असलेला हत्ती. जॉन टेलर या आफ्रिकेतल्या शिकाऱ्यानं १९४८ च्या पुस्तकात 'नॉक-आउट'चं सूत्र मांडलं. वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार. त्यात .४५० ला ६७ च्या आसपास गुण, .२७५ ला फक्त १६. टेलरचा मुद्दा असा की मेंदू थोडक्यात हुकला तरी जड, रुंद गोळीच्या दणक्यानं हत्ती काही क्षण सुन्न होतो. तेवढ्यात दुसरी गोळी झाडता येते.

म्हणजे जड गोळी हा चुकीचा विमा होता. आणि बेल विमा न काढता गाडी चालवणारा कसलेला ड्रायव्हर. त्याचं बघून तशी चालवणं म्हणजे मरण.

मधला मार्ग १९१२ साली हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं काढला. .३७५ मॅग्नम. एकाच रायफलीला तीन वजनं : २३५, २७० आणि ३०० ग्रेन. लांबच्या हरणाला हलकी, जाड कातडीच्या जनावराला जड. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी पुढे धोकादायक जनावरांसाठी किमान .३७५ चा नियम केला, तो या सगळ्या अनुभवातून.

माझ्या नळीवर .४७० का?

आता आमच्या देवघराचं कोडं. सगळ्या जगाला .४५० आवडत होतं, तर नळीवर .४७० का?

उत्तर शिकारीत नाही, राजकारणात आहे. ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .४५० चीच होती, गोळीही ४८० ग्रेनचीच. अशा बऱ्याच रायफली फौजेबाहेरच्या लोकांच्या हाती गेल्या होत्या. सरकारला धास्ती वाटली की शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या बंडखोरांकडे जातील. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी आली. लंडनच्या कंपन्यांनी काय केलं? घाईघाईनं .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी भावंडं काढली. काम तेच, आकडा वेगळा. आमचं .४७० त्यातलंच. गोळी ५०० ग्रेनची, वेग जवळपास तोच.

कायदा १८७८ चा शस्त्र कायदा. साहेबाला मोकळीक, आपल्या माणसाला परवाना. साहेबाच्या हातात पन्नास-साठ वाघांना पुरेल इतकी काडतुसं, आणि पिकाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याकडे फार तर ठासणीची बंदूक, नाहीतर गोफण. ही भानगड आजही पूर्ण संपलेली नाही बरं का. स्वतंत्र भारतात परवान्यावर मिळणारी .३१५ रायफल का निघाली? कारण .३०३ हे लष्करी काडतूस, सामान्य माणसाला बंद. आकडा बदलण्याची तीच युक्ती.

चुकलेल्या गोळीची किंमत

शेवटी कॉर्बेट. १९०७ साली जिम कॉर्बेटनं चंपावतची वाघीण मारली. त्याच्या हिशेबानं तिनं ४३६ माणसं मारली होती, आधी नेपाळात, मग कुमाऊँत. तेव्हा कॉर्बेटच्या हातात .५०० ची जड रायफल होती, आणि ऐन वेळी काडतुसं संपली. शेवटची गोळी त्यानं तहसीलदाराच्या जुन्या बंदुकीतून झाडली. पुढे संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. कुठली? .२७५ रिग्बी. दीड नाणंवाली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानं याच रायफलीनं मारला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. चंपावतच्या वाघिणीचं तोंड उघडून बघितलं तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. एक अर्धा, एक पार हाडापर्यंत. कॉर्बेट लिहितो, जुन्या गोळीच्या जखमेनं. तिला नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली.

कुणीतरी, कधीतरी, एक गोळी झाडली. ती जड होती की हलकी, पोकळ की भरीव, कोण जाणे. ती चुकली. झाडणारा घरी जाऊन जेवला असेल. आणि त्या गोळीचा हिशेब ४३६ घरांनी चुकवला. गवत कापायला गेलेल्या बायकांनी, लाकडं गोळा करणाऱ्या पोरींनी.

म्हणून मला 'कुठलं काडतूस भारी' हा प्रश्न आता पोरकट वाटत नाही. त्या काळातले विचारी शिकारी ज्यावर पानंच्या पानं लिहीत होते, तो खरा प्रश्न होता : माझी चूक झाली तर भरणार कोण? आणि त्यातल्या फार थोड्यांनी हाकाऱ्याचं नाव घेतलं.

आज आपल्याकडे चंद्रपूरला गावात वाघ शिरला की वन विभागाचा पशुवैद्य डार्ट गन घेऊन जातो. त्याच्यासमोर तेच प्रश्न असतात. जनावराचं वजन किती, अंतर किती, डार्टला दाब किती. दाब जास्त झाला तर हाड मोडतं, औषध कमी पडलं तर अर्धवट गुंगीतला वाघ गर्दीत घुसतो. गणित जुनंच आहे. पण आता वाघही जिवंत राहायला हवा आणि रांगेतला माणूसही. हे जास्त अवघड आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला जास्त आदर वाटतो.

आजी गेली तेव्हा ती नळी मी पुण्याला आणली. रेकॉर्डिंगच्या टेबलावर असते. एपिसोड लिहिताना पहिल्यांदाच वजनकाट्यावर पाचशे ग्रेन, म्हणजे ३२ ग्रॅम तांदूळ मोजून घेतले. ओंजळीत एवढेसे दिसतात. म्हटलं, एवढ्याशा वजनानं एक पाय नेला.

जाता जाता एक काम. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्यातलं कुणी हाकाऱ्यात जायचं का? नावं लिहून ठेवा. साहेबांची नावं पुस्तकात आहेत, आपल्या माणसांची नाहीत. आणि जुन्या पेटीत कधी न झाडलेलं काडतूस सापडलं तर हात लावू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. शंभर वर्षांचं असलं तरी ते काडतूसच असतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.